विहिरीच्या भिंतीवरची शिंगं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. लहानपणी ताटातली भाकरी जरा करपलेली दिसली तरी मी ताट सरकवून उठायची, आणि आई अप्पांना म्हणायची, "पेटली बघा चूल." अप्पा म्हणजे माझे वडील. ते हसायचे, आणि त्यांच्या हसण्यानं मी आणखीच भडकायची. हा राग मी पुढं धारवाडलाही घेऊन गेले, तिथून हुबळीलाही. सांगायचंय ते या रागाबद्दलच, पण त्यासाठी आधी प्रयोगशाळेतल्या एका कोपऱ्यात जावं लागेल.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. मी धारवाडला वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होते. दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक विषय निवडून प्रोजेक्ट करायचा होता. वर्गातले सगळे टिश्यू कल्चरकडं पळाले. तिथं गार हवेची बंद खोली होती, पांढरे कोट होते, पुढं कुठल्या तरी कंपनीत नोकरी लागण्याची आशा होती. मी ब्रायोफाइट्स घेतले. आपण ज्याला नुसतं शेवाळ म्हणून पुढं जातो, त्यातच ही तीन वेगळी घराणी नांदत असतात: मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट. ना धड मुळं, ना फूल, ना फळ. पाणी मिळालं की जगायचं, नाही मिळालं की गप पडून राहायचं.

मला त्यांचं फार प्रेम होतं म्हणून मी तो विषय घेतला, असं मी पुढं मुलाखतींमधून सांगितलं. ते खोटं आहे. त्या टेबलावर कुणी बसत नव्हतं, म्हणून घेतला. माझं इंग्रजी मोडकं होतं, कन्नड होतं ते रानातलं, आणि मराठी बोलायला वर्गात कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं की मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसायचं. कोपऱ्यातल्या टेबलाशी मात्र मी, एक मायक्रोस्कोप आणि गळका नळ, एवढेच असायचो.

काम नाजूक असायचं. रिक्सिया नावाचं एक लिव्हरवर्ट आहे, नखाएवढं, जमिनीला चिकटून वाढतं. त्याचा तुकडा पपईच्या देठात धरायचा आणि ब्लेडनं काप घ्यायचे, इतके पातळ की पाण्यात टाकल्यावर शोधावे लागावेत. पन्नास कापांतला एखादा कामाचा निघायचा. तो ब्रशच्या टोकानं उचलायचा, रंगवायचा, काचेवर ठेवायचा. बाहेर दिवसभर कुणाशी एक शब्द नाही, पण इथं मी त्या कापांशी मराठीत बोलायची. "सरक गे बाई जरा इकडं. तोंड दाखव की." एकदा प्रयोगशाळा बंद करायला आलेल्या शिपायानं ते ऐकलं आणि मागं कोण आहे म्हणून वाकून बघितलं. होस्टेलच्या मुलींपर्यंत ते पोचलं. शेवाळाला कन्नडमध्ये पाची म्हणतात. तेव्हापासून मी 'पाची अक्का' झाले. जेवणाच्या रांगेत मागून हळूच कुणीतरी म्हणायचं, आणि मी वळून अशी बघायची की पुढचे दोन दिवस माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही. मग मला आणखी एकटं वाटायचं. दोष कुणाला देणार?

तीन घराण्यांपैकी हॉर्नवर्ट, म्हणजे शिंगवालं, मी जिवंत कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत ते एका बाटलीत होतं, फॉर्मालिनमध्ये बुडवून ठेवलेलं, रंग उडून चिंधीसारखं झालेलं. परीक्षेला तीच बाटली, तोंडी परीक्षेलाही तीच बाटली. धारवाडच्या आसपास ते मिळत नाही, असं सगळे धरून चालले होते.

गणपतीच्या सुटीला गावी गेले. आमचं गाव अळणावरजवळ, जिथून पुढं दांडेलीचं जंगल सुरू होतं, त्यामुळं धारवाडपेक्षा पाऊस कितीतरी जास्त. घरामागं विहीर. तिच्या कठड्याची भिंत जांभ्या दगडाची, सांध्यांत माती भरलेली. सकाळी पाणी शेंदायला गेले आणि हातातली कळशी तशीच खाली ठेवली. दगडांच्या फटींतून गर्द हिरव्या चकत्या पसरल्या होत्या आणि प्रत्येक चकतीवर बारीक, दोऱ्याएवढी हिरवी शिंगं उभी होती. एक नाही, दोन नाही, सगळी भिंत शिंगांनी भरलेली. मी बारा-तेरा वर्षं त्या विहिरीवरून पाणी आणलं होतं आणि मला ते कधी दिसलं नव्हतं! काड्यापेटीतल्या काड्या चुलीपाशी ओतल्या आणि तिच्यात ओल्या मातीसकट एक तुकडा ठेवून धारवाडला आणला.

माझ्या मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. कन्नडभाषक, पण मराठी सगळं कळायचं. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग चष्मा पुसत विचारलं, "एल्ली सिक्तु?" कुठं मिळालं?

"आमच्या विहिरीच्या भिंतीवर."

त्या पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या. मग कामाचं बोलल्या. शिंगं अजून कोवळी आहेत. त्यांचे शेंडे तपकिरी होऊन उभे फाटतील तेव्हा आतले बीजाणू पिकलेले असतील, आणि त्यांच्यावरची नक्षी बघितल्याशिवाय प्रजाती ठरवता येणार नाही. महिनाभर लागेल. तोवर भिंतीला कुणी हात लावायचा नाही. मी स्वतः येते, घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी, आपण दोघी मिळून गोळा करू. आणि निघताना म्हणाल्या, या वर्षी मी पीएचडीला एकच विद्यार्थी घेणार आहे. हे नीट पार पडलं तर ती जागा तुझी.

मी होस्टेलवर परतले ती जवळजवळ पळतच. पाची अक्का म्हणणाऱ्या मुलीकडं बघून मी त्या दिवशी हसलेसुद्धा.

आणि मग मी घरी कार्ड लिहिलं. ते कार्ड मला आजही शब्दन् शब्द आठवतं. 'घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी आमच्या मॅडम आपल्याकडे येणार आहेत. त्यांना आपल्या विहिरीची भिंत बघायची आहे. जेवायला थांबतील.' बस, एवढंच. भिंतीवरचं काय बघायचंय, ते लिहिलं नाही. कशाला हात लावू नका, तेही लिहिलं नाही.

का नाही लिहिलं? लाज वाटली म्हणून. घरी मी सांगून ठेवलं होतं की मी औषधी वनस्पतींचा अभ्यास करते. अप्पा अळणावरच्या लाकडाच्या वखारीत हमाली करायचे. तिथं ते सगळ्यांना सांगत, "पोरगी औषधाचं शिकतीया धारवाडला." त्यांना आता कुठल्या तोंडानं लिहू, की तुमची पोरगी शेवाळ शिकते? आणि आईला तर शेवाळाचा मनस्वी राग. आमच्या आळीतल्या दोघी बायका विहिरीवर घसरून कंबर मोडून घेऊन बसल्या होत्या. पावसाळा सरत आला की आई राख आणि काथ्या घेऊन पायऱ्या घासायला बसायची. भिंतीपर्यंत मात्र ती कधी जात नसे, पायऱ्यांतच तिचे हात भरून यायचे. मी मनात म्हटलं, मॅडम आल्यावर त्याच समजावतील. त्या बोलल्या की त्याला मान येईल.

त्या रविवारी मी आणि मॅडम सकाळच्या गाडीनं अळणावरला उतरलो, तिथून गावाला. घराला वळसा घालून मागं जाताना लांबूनच मला काहीतरी पांढरं दिसलं. आधी वाटलं, कुणी धोतर वाळत घातलंय.

भिंत होती ती. आतून-बाहेरून चुन्यानं रंगवलेली, खाली गेरूचा पट्टा, पुढं रांगोळी. सांधे सुरीनं खरवडून, धुऊन, कोरडे करून वरून चुना लावलेला. शिंग सोडा, हिरवा म्हणून ठिपका उरला नव्हता. शेजारी आई उभी होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. चुन्यानं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. अप्पा कौतुकानं म्हणाले, "दोन दिस खपलीया. कामावर पण गेली नाही."

"मॅडम बघायला येणार म्हटल्यावर तसली घाण ठेवायची होय गे?" आई मला म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की मी दुसरीकडं बघितलं.

मॅडमना एका नजरेत सगळं कळलं. त्या आईजवळ गेल्या, तिचे भेगाळलेले हात बघितले आणि म्हणाल्या, "छंद माडीरि." छान केलंत. मला हळूच म्हणाल्या, "इरली बिडु." असू दे, सोड. त्या जेवायला बसल्या, तांदळाची भाकरी आणि चवळीची उसळ खाल्ली, शेवयांची खीर मागून घेतली. मी तोवर उकिरड्यावर होते. खरवडलेली माती आईनं तिथं टाकली होती. ती मी दोन्ही हातांनी उपसली. चुना मिसळून सगळं पिवळं, मऊ पडलं होतं.

मॅडमना गाडीत बसवून मी घरी परत आले आणि मग माझी चूल पेटली. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. अडाणी म्हटलं. माझं आयुष्य घासून टाकलंस म्हटलं. आई पदराला हात पुसत उभी होती. एकदाच म्हणाली, "मला काय ठाऊक गे?"

"तुला कधी काय ठाऊक असतंय? आजपासून माझ्या कशाला म्हणून हात लावायचा नाही. कळलं काय?"

आईनं मान हलवली. मी तशीच पिशवी उचलून धारवाडला आले.

दिवाळीला गेले नाही. होस्टेल रिकामं झालं, खानावळ बंद, मी पाव आणि केळी खाऊन प्रयोगशाळेत बसायची. मॅडमनी विद्यापीठाच्या बागेतल्या वाटांवरच्या रिक्सियावर प्रोजेक्ट करायला सांगितलं. तो मी केला, बरा झाला. पीएचडीची जागा शिरसीकडच्या एका मुलीला मिळाली, जिच्या घरच्या सुपारीच्या बागेत हॉर्नवर्ट पायाखाली तुडवलं जायचं. हुशार होती ती, तिला मिळायलाच हवी होती. मला मात्र तिचं तोंड बघवत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात गावी गेले तेव्हा सकाळी उठून आधी भिंतीकडं गेले. चुना बराचसा धुऊन गेला होता. सांध्यांत थोडं गवत आलं होतं, एके ठिकाणी साधं मॉस. शिंगं नव्हती. मी उकिडवी बसून बोटांनी फटी चाचपत होते. आई लांब, तुळशीपाशी उभी राहून बघत होती.

"आलं काय गे?" तिनं विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला काय झालं होतं मला?

नंतर नंतर घरी गेले की मला एक जाणवायचं. माझी ट्रंक मी ठेवली तिथंच असायची, तिच्यावर धूळ बसलेली. माझे धुतलेले कपडे दोरीवरच राहायचे. बाकी सगळ्यांच्या घड्या व्हायच्या. मी उघडं ठेवलेलं पुस्तक चार महिन्यांनी त्याच पानावर उघडं सापडायचं. मला ते बरं वाटायचं. माझ्या शिक्षणाचा घरात मान ठेवतात, असं मी समजायची.

मग मला हुबळीत एका पीयू कॉलेजात नोकरी लागली, म्हणजे अकरावी-बारावीची पोरं शिकवायची. विद्यानगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. लग्न जमलं नाही. दोन ठिकाणी मीच मोडलं, पुढं कुणी विचारायला आलं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन मायक्रोस्कोप, त्यातला एक आंधळा. वर्षातून एकदा मी पोरांना मॉस दाखवायची, ती पटापट आकृत्या काढून पळायची. रविवारी फार कोंडल्यासारखं झालं की कोप्पीकर रोडला जायची. काही घ्यायचं नसायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्दीतून चालायची, एका दुकानात साड्यांचा भाव विचारायची, कारण विचारल्यावर दुकानदार "या अक्का, बसा अक्का" म्हणायचा. तेवढं ऐकून परत यायची. बस्स, असे दिवस चालले होते.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली असतील, अप्पा गेले. भाऊ कामाला गोव्यात, त्याचं बिऱ्हाड एका खोलीचं. मी आईला हुबळीला आणलं. जूनच्या सुरुवातीला आली. मला वाटलं, आता संध्याकाळी घरात कुणीतरी बोलायला असेल. पण आम्हा दोघींना बोलायची सवय कुठं राहिली होती? ती विचारायची, "भात टाकू?" मी म्हणायची, "टाक." ती भांडी घासायची, फरशी पुसायची, दारात सडा घालायची. माझं टेबल, माझी कपाटं, माझी खिडकी तेवढी सोडून पुसायची. टेबलाभोवती पुसलेल्या फरशीची कड दिसायची. मी ते बघायची आणि विसरून जायची.

ऑगस्टमध्ये एके दुपारी घरमालकीणबाईंचा कॉलेजात फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडली होती. मी रिक्षानं धावत आले, तिला दवाखान्यात नेलं. उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून संध्याकाळच्या आत तिला घरी आणलं, कॉटवर बसवलं. चहा टाकायच्या आधी पाय धुवावेत म्हणून न्हाणीघरात गेले आणि माझाही पाय सरकला. नळ धरला म्हणून वाचले.

खाली बघितलं. नळाखालचा कोपरा, तिथून मोरीच्या तोंडापर्यंतची सगळी फरशी हिरवीगार, बुळबुळीत झालेली. सकाळी घाईत अंधारातच आंघोळ उरकून पळणारी मी, जन्मभर शेवाळ बघण्यात डोळे घालवलेली, मला ते तीन महिन्यांत दिसलं नव्हतं. पण तेव्हा हे कुठं सुचायला! माझं डोकं फिरलं. मी तशीच बाहेर आले आणि तिच्यावर ओरडले.

"आई, काय म्हणायचं तुला? दिवसभर घरात असतीस, एवढं शेवाळ साचलंय, घासायला काय झालं होतं? गावाकडं विहिरी घासत होतीस, आणि इथं हातभर जागा घासवत नाही?"

आई कॉटवर बसून वर बघत होती. प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं धरलेला.

"मला वाटलं, तुझं असंल गे," ती म्हणाली.

"माझं? काय माझं?"

"ते हिरवं. तू वाढवलं असशील, तुझ्या अभ्यासाचं. तूच म्हटलीस की, हात लावायचा नाही म्हणून." आणि घाईघाईनं पुढं म्हणाली, "मी जपून कडंकडंनं जात होते की रोज. त्याच्यावर पाय पडू दिला नाही. आजच काय झालं काय की."

दहा वर्षं होऊन गेली होती त्या वाक्याला. मी बोलून विसरले होते, आणि ती ते रोज पाळत होती. माझ्या ट्रंकेवरची धूळ, दोरीवरचे कपडे, टेबलाभोवतीची ती कड, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला माझी इतकी लाज वाटली की मला तिच्याकडं बघता येईना. मान नव्हता तो. माझी आई मला भीत होती.

न्हाणीघरातलं ते हॉर्नवर्ट नव्हतं, मॉससुद्धा नव्हतं. काचेवर ठेवायच्या लायकीचंही नव्हतं. साधी मोरीतली घाण. मी साडी खोचली, धुण्याचा सोडा आणि ब्रश घेतला आणि खाली बसून घासायला लागले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. आई उठून दारात येऊन उभी राहिली.

"आई, चुकलं माझं," मी म्हटलं. "त्या वेळी मी कार्डात नीट लिहिलं नव्हतं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

मी घासत होते ते ती बघत राहिली. मग डाव्या हातानं कोपरा दाखवत म्हणाली, "तिथं जोर लाव. कोपऱ्यात राहतंय ते."

मी कोपऱ्यात जोर लावला. फरशीचा मूळचा रंग दिसायला लागला. शेवटचा वीतभर पट्टा उरला तेव्हा ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू,

"सगळं काढू नको गे. थोडं ठेव. लागलं तर असू दे तुला."

"नको आई," मी म्हटलं, आणि घासत राहिले.